सगळं भंगार, साखळ्या नव्या

पहिल्या दिवशी मी केळसकरांकडे पेन्सिल मागितली, तर त्यांनी माझ्याकडेच जुनी पेन्सिल मागितली.

अंबरनाथला पत्र्याचे डबे आणि झाकणं करणारा एक कारखाना होता. त्याच्या स्टोअरमध्ये मी कारकून म्हणून नुकताच लागलो होतो आणि केळसकर तिथले स्टोअरकीपर, म्हणजे माझे साहेब. मी म्हटलं, मी आजच लागलोय, माझ्याकडे जुनी असणार कुठून? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "तुमच्या आधी त्या खुर्चीवर जो बसायचा त्याची असेल. शोधा." मी टेबलाचा खण उपसला. धुळीत पेराएवढा तुकडा सापडला. तो त्यांनी शेजारच्या लाकडी खोक्यात टाकला, "जमा" असं म्हणाले आणि मगच कपाट उघडून मला नवी पेन्सिल दिली. मला हसू आलं होतं, पण ते गंभीर होते. पूजेत तुळशीचं पान वाहावं तसा तो तुकडा त्यांनी खोक्यात वाहिला होता.

जुनं जमा केल्याशिवाय नवं द्यायचं नाही, हा तसा कुठल्याही स्टोअरचा नियम. लढाईनंतरच्या टंचाईत लोखंडाचा खिळाही सोन्याच्या भावाचा झाला होता, तेव्हा नियम कडक असणं साहजिक होतं. पण इतर ठिकाणी तो कागदावर असायचा आणि आमच्याकडे तो केळसकरांच्या हाडात होता. स्टोअरची खिडकी दीड हात रुंद. पलीकडे कामगार, अलीकडे केळसकर. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, ठेंगणा बांधा आणि कोकणातल्या देवळातल्या घंटेसारखा खणखणीत आवाज. कुणीही खिडकीशी आलं, की माणसाचं तोंड न बघता त्याच्या हाताकडे बघायचे आणि विचारायचे, "जुनं कुठंय?" जुनं खोक्यात पडलं की "जमा". या दोन शब्दांत त्यांचा दिवस जायचा. कामगार त्यांची नक्कल करायचे. कुणाची बायको आजारी पडली आणि तो नवं लग्न करायच्या गोष्टी करू लागला, तर सगळे एकसुरात "जुनं कुठंय?" म्हणायचे.

घरीही तेच. त्यांच्या बायकोला आम्ही माई म्हणत असू. माईंना नवी केरसुणी हवी असेल तर झिजून बुडखा उरलेली जुनी दाखवावी लागे. माई मला हसत सांगायच्या, "अहो प्रधान, मी माहेरी चार दिवस जाऊन आले, की हे माझ्याकडे असे बघतात, जशी काही मी बदलून आणलेय." मात्र त्यांना कंजूष म्हणणं अन्याय होईल. यंत्र एका चकतीवाचून अडलं, तर ते टोपी काढून, गुडघ्यांवर बसून फडताळाखाली तास तास शोधत आणि सापडली की स्वतः हसत. ते म्हणत, "वस्तूला मरायची घाई नसते प्रधान. घाई आपल्याला असते, टाकून द्यायची."

त्या काळात आमच्याकडे उल्हासनगरच्या कॅम्पातले पुष्कळ लोक कामाला लागले होते. सिंधमधून आलेली ही मंडळी, लढाईतल्या लष्करी बराकींमध्ये पोत्यांचे पडदे लावून राहणारी. त्यांच्यातला टेकचंद हा खलाशी होता, म्हणजे जड यंत्रं नि साचे उचलण्या-हलवण्याच्या टोळीत. शिकारपूरला त्याचं कापडाचं दुकान होतं म्हणे. दुकानदारच तो, त्यामुळे केळसकरांचा नियम सर्वांत आधी त्यालाच पटला. खिडकीशी येताना तो जुनी वस्तू रद्दीच्या कागदात नीट बांधून आणायचा आणि कापडाचा तागा दाखवावा तशी कागद उलगडून दाखवायचा. "देखो साईं, माल देखो," असं म्हणायचा. केळसकर कुणाशी थट्टा करत नसत, पण टेकचंदची पुडी मात्र ते मुद्दाम हळूहळू सोडायचे. तो त्यांचा आवडता होता. हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यामुळे अधिक जड होतं.

एका दुपारी टेकचंद खिडकीशी आला तो रिकाम्या हातानं. फोरमनची चिठ्ठी होती. साचा उचलायच्या साखळीची एक कडी उघडायला लागली होती, नवी साखळी हवी होती. केळसकरांनी त्याच्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "जुनी कुठंय?" टेकचंदनं सांगितलं की ती साच्याखालीच अडकलीय, साचा अर्धवट ठोकळ्यांवर आहे, नवी मिळाली की तिनं उचलतो आणि जुनी आणून देतो. केळसकर म्हणाले, आधी जुनी सोडवून आण. टेकचंद थोडा घुटमळला. "साईं, वो ही तो," एवढंच म्हणाला. नवी साखळी केळसकरांच्या पाठीमागे खुंटीला टांगलेली होती. मी माझ्या टेबलावरून ती बघत होतो. त्यांनीही एकदा मागे वळून तिच्याकडे बघितलं, पण हात लावला नाही. टेकचंद गेला.

जुनी साखळी सोडवायची म्हणजे साचा पुन्हा थोडा उचलायला हवा होता, आणि उचलायला हाताशी होती ती जुनीच साखळी. ती कडी उघडली. साचा टेकचंदच्या छातीवर आला. आम्हाला आवाज ऐकू आला तेव्हा केळसकर कुणाला तरी ब्रश देत होते. त्यांनी ब्रश दिला, जुना खोक्यात टाकला, पण "जमा" म्हणाले नाहीत. तो शब्द नंतर कित्येक वर्षं मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

चौकशी झाली. केळसकरांनी काहीही लपवलं नाही. मीच त्याला परत पाठवला, नवी साखळी माझ्या पाठीमागे होती, असं त्यांनी न विचारता सांगितलं. चौकशीला आलेल्या साहेबानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि स्टोअरकीपरनं नियमाप्रमाणे काम केलं, त्याचा काही दोष नाही, असा निकाल दिला. वर स्टोअर फार व्यवस्थित ठेवलंय म्हणून शाबासकीही दिली. त्या संध्याकाळी आम्ही दोघं सायकली हातात धरून कॉलनीकडे चालत निघालो. शिवमंदिराच्या रस्त्याला ते थांबले आणि म्हणाले, "मला कुणी काही शिक्षा केली नाही हो प्रधान." लहान मूल तक्रार करतं तसं म्हणाले.

मग ते बदलले. खिडकीशी कुणी आलं की मान खाली घालून हवं ते देऊन टाकत. जुन्याची विचारणा नाही. सुरुवातीला कामगारांची चंगळ झाली, मग त्यांनाच चुकल्या चुकल्यासारखं वाटायला लागलं. जुनं आणून ते आपणच खोक्यात टाकायचे आणि निमूट जायचे. नक्कल बंद झाली. एके दिवशी माई माझ्या घरी आल्या. पदराला डोळे पुसत मला म्हणाल्या, "काल हे नवी केरसुणी घेऊन आले. घरात जुनी चांगली असताना. मला भीती वाटते हो."

टेकचंदच्या घरी भेटायला जायचं म्हणून ते मला कॅम्प चारमध्ये घेऊन गेले. बराकीत एका खोलीच्या पडद्याआड त्याची बायको जमनाबाई आणि मुलगी मोहिनी राहत होत्या. कारखान्यानं जमनाबाईला नवऱ्याच्या जागी पॅकिंग खात्यात काम देऊ केलं होतं, ते सांगायचं निमित्त होतं. मोहिनी घरी नव्हती. बराकींच्या मागं लष्करानं टाकून दिलेल्या सामानाचं मोठं मैदान होतं. काटेरी तारा, गंजलेल्या टाक्या, उलटे पिंप. तिथं पोरं खेळत होती. मोहिनी एका मोडक्या लोखंडी कमानीला दोर बांधून झोके घेत होती आणि कमान प्रत्येक झोक्याला कुरकुरत होती. केळसकर धावत गेले. त्या वयात, त्या कोटात, खरोखर धावले. त्यांनी दोर दोन्ही हातांनी धरला आणि मुलीला खाली उतरवलं. मुलगी रागावली. "आमचा झोका का थांबवला," असं तिनं सिंधीत विचारलं असावं, कारण शेजारची पोरं हसली.

दुसऱ्या दिवशी केळसकर मॅनेजरच्या खोलीत जाऊन उभे राहिले. कारखान्याचं भंगार दरवर्षी व्यापाऱ्याला जातं, त्यातलं मला हवं ते एक वर्ष मिळावं, कॅम्पातल्या मुलांसाठी खेळायची बाग करतो, असं त्यांनी मागणं घातलं. मॅनेजर भला माणूस होता. शिवाय चौकशी नुकती संपलेली, कारखान्याचं नाव थोडं उजळलं तर त्यालाही हवंच होतं. कॅम्पाच्या पंचायतीनं ती जागा साफ करून द्यायचं कबूल केलं. मी आपोआपच कामाला जुंपलो गेलो.

ती बाग कशी झाली हे मला आजही सांगता येतं, पण ते पुन्हा कुणाला करून दाखवता येणार नाही, कारण ती केळसकरांच्या डोक्यातल्या फडताळांतून आली. कारखान्यात कुठली वस्तू कधीपासून कुठे गंजत पडलीय हे त्यांना तोंडपाठ होतं. पत्र्यातून झाकणांच्या गोल चकत्या कापून घेतल्यावर भोकाभोकांची पट्टी उरायची, तिचं कुंपण झालं. संध्याकाळी ऊन त्यातून आलं की जमिनीवर पैसे उधळल्यासारखे दिसायचे. जुन्या यंत्राच्या दांड्यावर बसवलेली चकती म्हणजे फिरतं चक्र. पाण्याच्या मोठ्या नळाचा सी-सॉ. अर्ध्या कापलेल्या पिंपांत सदाफुली. खोक्यांच्या फळ्यांची बाकं. दर रविवारी आम्ही पाच-सहा जण जायचो आणि कॅम्पातले लोक मदतीला असायचे. पूर्वी सराफी, धान्याचा व्यापार असलं काहीबाही केलेले ते लोक फावडं हातात धरून खड्डे खणायचे आणि आमचं मराठी ऐकून आपसात खूप हसायचे.

घसरगुंडीची गंमत झाली. बॉयलरकडे कोळसा खाली सोडायची एक लोखंडी पन्हळ होती, ती केळसकरांनी घसरगुंडीला पसंत केली. आठवडाभर घासून, धुऊन, राख लावून ती चकचकीत केली. तरी तिच्या सांध्यांतून कोळसा निघतच राहिला. पहिल्या रविवारी पोरं पांढऱ्या चड्ड्या घालून वर चढली आणि खाली काळी होऊन उतरली. बायकांनी केळसकरांना घेरलं. एक आजीबाई त्यांच्यासमोर नातवाचा पार्श्वभाग फिरवून दाखवत सिंधीत जे बोलली त्याचं भाषांतर कुणीच करेना. केळसकर हात जोडून उभे होते आणि मला वाटतं त्या दिवसांत ते एकदाच हसले.

सगळं भंगारातलं, फक्त झोपाळ्यांच्या साखळ्या सोडल्या तर. स्टोअरमध्ये उचलायच्या साखळ्या पडल्या होत्या, चांगल्या, पुन्हा वापरता येतील अशा. फोरमननं दोन-तीनदा त्या सुचवल्या. केळसकरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एके दिवशी कल्याणच्या लोखंडवाल्याकडून स्वतःच्या खिशातून कोऱ्या साखळ्या आणि आकडे घेऊन आले. झोपाळा टांगला तरी आठवडाभर कुणाला बसू दिलं नाही. फळीवर वाळूची पोती ठेवून तो हलवत राहायचे, मग आकड्यांवर अंगठा फिरवायचे. पोरं आजूबाजूला बसून वाट बघायची. शेवटी एक म्हातारे सिंधी गृहस्थ मला म्हणाले, "साईं पोरांपेक्षा पोत्यांवर जास्त प्रेम करतात."

कॅम्पानं केळसकरांना डोक्यावर घेतलं होतं आणि तिथंच त्यांचे हाल होत होते. कुणी पाणी दिलं तर ते तोंडाशी नेऊन परत ठेवायचे. कुणी गुणगान केलं की रागवायचे. सर्वांत कठीण जमनाबाईचं होतं. ती आता पॅकिंगला येऊ लागली होती. सुतळी, सुया, खळ लावायचे ब्रश यासाठी ती स्टोअरच्या खिडकीशी यायची आणि केळसकरांना "अदा" म्हणायची. सिंधीत भावाला अदा म्हणतात. बागेत ती त्यांच्यासाठी भाजलेला पापड आणायची आणि मोहिनीला त्यांच्या पाया पडायला लावायची. "मेरा मर्द गया, पर ऊपरवाले ने अदा दे दिया," असं ती बायकांना सांगायची. केळसकर त्या वेळी कुंपणाच्या भोकांकडे बघत राहायचे. मी त्यांच्या शेजारी उभा असे, आणि मलाही कुंपणाकडेच बघावंसं वाटे.

बाग उघडायचा दिवस ठरला. पंचायतीनं शाल, हार सगळं ठरवलं. हार जमनाबाईच्या हातून घालायचा होता. आदल्या संध्याकाळी केळसकर माझ्या दारात आले. "चला," म्हणाले. "मला हिंदी धड येत नाही. तुम्ही पाहिजे." कशाला ते मला विचारावं लागलं नाही. मी त्यांना म्हटलं की बोलून काय होणार, ती बाई सुखानं हार घालायला निघालीय, तिला घालू द्या. त्यांनी सायकल काढली होती.

जमनाबाई बराकीच्या बाहेर पोळपाट घेऊन बसली होती. मोहिनी दिसत नव्हती, ती नेहमीप्रमाणे बागेच्या फाटकाशी असणार. केळसकर उभ्यानंच बोलायला लागले. मराठीत, एकेक वाक्य सुटं करून, स्टोअरमध्ये माल मोजून द्यावा तसं. त्या दिवशी टेकचंद माझ्याकडे आला होता. त्यानं नवी साखळी मागितली. नवी माझ्या मागं होती. मी जुनी मागितली. मी त्याला परत पाठवला.

मी हिंदीत सांगत होतो. सांगता सांगता मी म्हणालो, वो पुरानी लाने गया. केळसकरांनी माझा दंड धरला. "परत पाठवला, हे तुम्ही म्हटलं नाहीत," ते म्हणाले. "म्हणा."

मी म्हणालो.

जमनाबाईनं लाटणं बाजूला ठेवलं. पिठाचे हात तिनं झटकले. मग तिनं केळसकरांकडे नाही, माझ्याकडे बघत सांगितलं, "इनको बोलो, मैं समझती थी लोहा टूटा. लोहे पे कोई गुस्सा नहीं करता." आणि विचारलं, "अब मैं क्या करूँ?"

हे केळसकरांना कळलं. त्याचं भाषांतर मला करावं लागलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यापूर्वी कधीच पाहिलं नव्हतं, अपघाताच्या दिवशीही नाही. त्यांनी आपल्या छातीवरचं ओझं आणून तिच्या दारात ठेवलं होतं, आणि ते परत उचलून नेता येत नव्हतं. तिच्याकडे देवावर आणि लोखंडावर टाकलेलं एक दुःख होतं. आता त्यात माणूस आला होता, आणि तो माणूस तिचा अदा होता.

दुसऱ्या दिवशी बाग उघडली. जमनाबाई आली नाही, मोहिनीही आली नाही. हार पंचायतीच्या प्रमुखानं घातला. शाल केळसकरांनी खांद्यावर राहू दिली नाही, दोन्ही हातांत धरून उभे राहिले. पोरांनी झोपाळ्यांवर जी गर्दी केली ती दिवे लागले तरी हटेना. ज्या एका पोरीला कुरकुरत्या कमानीवरून खाली उतरवलं म्हणून एवढं सगळं उभं राहिलं, ती सोडून कॅम्प चारची सगळी पोरं तिथं होती.

त्यानंतर जमनाबाई स्टोअरच्या खिडकीशी आली नाही. सुतळी हवी असली की दुसऱ्या बाईला पाठवायची. कारखान्याच्या फाटकात समोरासमोर आलीच तर "साहेब" म्हणून बाजूला व्हायची. मोहिनी शाळेला जाताना बागेचा सरळ रस्ता सोडून बराकींच्या मागून वळसा घालते, हे केळसकरांनीच मला सांगितलं. ते दर रविवारी तेलाची बुधली घेऊन बागेत जायचे, प्रत्येक आकडा नि कडी तपासायचे आणि त्या वळशाच्या रस्त्याकडे बघायचे. माई म्हणायच्या, पूर्वी देवळात जायचे तर इतका वेळ लावत नसत. मी एकदा धीर करून त्यांना म्हटलं की तुम्ही बोलला नसतात तर बरं झालं असतं. ते लगेच म्हणाले, "हो. आणि बोललो नसतो तरी बरं झालं नसतं. दोन्ही माझंच आहे, प्रधान. त्यातलं काही दुसऱ्याच्या खात्यावर टाकता येत नाही."

अशी बरीच वर्षं गेली. केळसकरांना डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. निवृत्ती जवळ आली होती, म्हणून ते ऑपरेशन पुढे ढकलत होते. आकडे आता ते डोळ्यांनी नाही, बोटांनी तपासायचे. मला काळजी वाटायची, पण त्यांच्या हातातली बुधली घेण्याची माझी छाती नव्हती.

एका सकाळी शिफ्ट नुकती सुरू झाली होती. खिडकीशी कुणीतरी आलं. केळसकर सवयीनं मान खाली घालून बसले होते. मी मान वर केली तर पलीकडे जमनाबाई उभी. केस पिकले होते. चालत आल्यामुळं धापा टाकत होती. हात रिकामे होते आणि ते तिनं खिडकीच्या फळीवर ठेवले होते, दिसतील असे.

"साहेब," ती म्हणाली, "झूले का आकडा घिस गया है. इतना सा बचा है. नया दो."

केळसकरांनी आवाज ओळखला. त्यांना काय वाटलं असेल ते मला कळत होतं, कारण मलाही तेच दिसत होतं. तीच खिडकी, तशीच दुपार नव्हे पण तसाच रिकामा हात. जमनाबाईनं मग प्रत्येक शब्द मोजून सांगितलं, "पुराना नहीं लाई. वो अभी उधर ही लटका है. पहले नया दो, पुराना मैं बाद में लाऊँगी."

"कुणी बसलंय का?" केळसकरांनी विचारलं.

"मोहिनी को खड़ा करके आई. बोला है, किसी को बैठने मत दे."

मी तिला विचारलं, तुला दिसलं कसं? तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी विचारायला नको होतं. "मैं रोज देखती हूँ," ती म्हणाली. "काम पे आते टाइम. साहेब इतवार को देखते हैं, मैं रोज."

कामाच्या वेळात केळसकर कधी खिडकीबाहेर आले नव्हते. त्या दिवशी आले. त्यांच्या टेबलाच्या खणात तेलानं पुसून फडक्यात बांधलेले आकडे होते, बागेसाठी ठेवलेले. ते फडकं त्यांनी उचललं, मला शिडी घ्यायला सांगितलं आणि मॅनेजरला निरोपही न देता फाटकाबाहेर पडले. जमनाबाई पॅकिंगमध्ये निघून गेली, तिची पाळी बुडाली असती.

बागेत मोहिनी होती. आता ती मोठी झाली होती, दोन वेण्या, शाळेचं दप्तर पायाशी. झोपाळ्याची फळी तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि समोर चार-पाच बारकी पोरं रडकुंडीला आली होती. केळसकर जवळ आले तरी तिनं फळी सोडली नाही. "अम्मा बोली, नया लगेगा तब छोड़ना," ती म्हणाली. केळसकर "बरोबर" म्हणाले आणि शिडी चढले. मी शिडी धरली. नवा आकडा त्यांनी बोटांनी चाचपून बरोबर बसवला. जुना त्यांनी खिशात घातला नाही, खाली उतरून मोहिनीच्या हातात दिला.

"आईला दे. तिनं आणून देईन म्हटलंय."

मग ते स्वतः झोपाळ्यावर बसले. एवढ्या वर्षांत वाळूची पोती बसली, पोरं बसली, हे कधी बसले नव्हते. कोट, टोपी, सगळ्यासकट बसले आणि पाय उचलून हलके हलके दोनदा पुढे मागे झाले. पोरं हसायला लागली. मोहिनी हसली नाही, ती वर आकड्याकडे बघत होती. ते उठले तेव्हा तिनंही एकदा वर बघून खात्री केली, दप्तर बाजूच्या बाकावर ठेवलं आणि झोपाळ्यावर बसली. शाळेला उशीर होत होता तरी बसली. केळसकर तिला झोका द्यायला पुढे झाले नाहीत. मागं सरून कुंपणाशी उभे राहिले आणि रडले. लपवण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

केळसकर जाऊनही आता पुष्कळ काळ लोटला. त्यांची आठवण काढली की लोक बागेबद्दल बोलतात आणि मी मान डोलावतो. मला मात्र आकडा बदलल्याच्या दुसऱ्या दिवसाचा त्यांचा चेहरा आठवतो. सकाळी जमनाबाई खिडकीशी आली. रद्दीच्या कागदाची एक पुडी तिनं फळीवर ठेवली आणि नीट उलगडून दाखवली. झिजून कागदासारखा पातळ झालेला आकडा होता. केळसकरांनी तो उचलला, झिजलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. जमनाबाई गेली नाही, हात फळीवर ठेवून थांबली होती. कशाची वाट बघतेय ते मला कळलं नाही, केळसकरांना कळलं.

त्यांनी आकडा खोक्यात टाकला.

"जमा," ते म्हणाले.

मगच ती कामावर गेली.